गोव्यातलं सोशल हॉस्टेल शनिवारी वेगळं असतं, मंगळवारी वेगळं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी २६ वर्षांची, पुण्यात नोकरी करणारी. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात चार रात्री एकटीनं गोव्याला जायचं म्हणतेय. हणजूणला, म्हणजे अंजुनाला, एका 'सोशल' हॉस्टेलात सहा बेडच्या मिक्स्ड डॉर्ममधला, म्हणजे बायका-पुरुषांच्या सामायिक खोलीतला, बेड रात्रीला ६५० रुपयांना दिसतोय. झोप हलकी आहे, दारू पीत नाही, अनोळखी माणसांशी पटकन बोलणं जमत नाही. तिथं प्रत्यक्षात कसं असतं, एकटी पडेन का, आणि सुरक्षित आहे का?

मी मूळची सावंतवाडीची, उत्तर गोव्यात हॉस्टेल सांभाळते. रिसेप्शन, हाउसकीपिंग, कॅफेचा हिशेब, रात्री दोनला कुणी चावी हरवून आलं की दार उघडणं, हे सगळं माझ्याकडे. त्यामुळे पाहुण्याच्या बाजूनं कसं वाटतं हे मी काउंटरच्या पलीकडून बघितलेलं सांगतेय, एवढं धरून वाचा.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण खाली एकच आहे: ६५० रुपयांत मला काय मिळणार आणि काय सोसावं लागणार? याचं उत्तर हॉस्टेल कुठलं यावर अवलंबून आहेच, पण तुम्ही कुठल्या वारी येताय यावर जास्त आहे. रिव्ह्यूंमध्ये ही गोष्ट सहसा सापडत नाही, कारण प्रत्येकानं आपापले दोन दिवसच बघितलेले असतात.

शुक्रवारी रात्रीपासून आमच्याकडे ग्रुप येतात. पुणे, बेळगाव, हुबळी, बंगळूर इथून चौघे-सहाजण, कुणाचा तरी वाढदिवस, कुणाची बॅचलर पार्टी. ते एकमेकांसोबतच आलेले असतात, त्यांना नव्या ओळखी नको असतात. कॉमन रूम भरलेली असते, आवाज भरपूर असतो, आणि एकट्या आलेल्या माणसाला तिथं लग्नाच्या मांडवात चुकून शिरल्यासारखं वाटतं. अशा शनिवारी येऊन रविवारी परत गेलेली माणसं मग लिहितात, 'सोशल वगैरे काही नाही, सगळे आपापल्या कंपूत.' त्यांचं खोटं नसतं. रविवारी चेक-आउट झालं की हेच हॉस्टेल अर्धं रिकामं होतं. उरतात ते एकटे फिरणारे, लॅपटॉपवर काम करत महिनाभर राहिलेले, एखाददुसरा परदेशी पाहुणा. सोमवारी संध्याकाळी त्याच टेबलावर पाच अनोळखी माणसं बसलेली असतात आणि त्यातल्या प्रत्येकाला कुणाशी तरी बोलायचं असतं. तुमच्यासारखीला हेच दिवस हवेत. रविवारी सकाळी या, गुरुवारी परत निघा. चार रात्री होतात, भाडं कमी लागतं, आणि बुधवारचा हणजूणचा बाजारही पदरात पडतो. एवढ्यासाठी चार दिवस रजा टाकावी लागेल. ती टाकणं शक्य नसेल आणि शुक्र-शनि-रविच जमणार असेल, तर मी हॉस्टेलऐवजी एखाद्या घरगुती होमस्टेत खोली घ्यायला सांगेन.

तारखा ठरवताना आणखी एक बघा. ३ डिसेंबरला पणजीजवळच्या जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं. पायी येणारे भाविक, रस्त्यांवर गर्दी, राज्यात सुट्टी. ते बघायला म्हणून येणार असाल तर उत्तमच. नसाल तर त्या दिवशी पणजीकडे जायचा बेत ठेवू नका. आणि २० डिसेंबरनंतरचे दर बघून दचकू नका. नाताळ ते नववर्ष त्याच बेडचे दर दुप्पट-तिप्पट, कधी त्याच्याही वर जातात.

आता पहिला दिवस. पुण्याहून रात्रीची स्लीपर बस तुम्हाला सकाळी म्हापशाला सोडेल, बहुतेक सात-आठच्या सुमारास. हॉस्टेलचं चेक-इन दुपारी एक किंवा दोनला. सगळ्यात जास्त चिडलेले चेहरे मी या मधल्या पाच तासांत बघते. बेड रिकामा दिसत असतो, पण चादर बदललेली नसते, आणि रात्रीचा माणूस अकरापर्यंत उठणार नसतो. त्यामुळे आदल्या दिवशी एक मेसेज टाकून विचारा: सामान ठेवता येईल का, कॉमन बाथरूम वापरता येईल का, लवकर चेक-इनचे वेगळे पैसे आहेत का? बहुतेक ठिकाणी पहिल्या दोन गोष्टींना हो म्हणतात. अंघोळ करून, दप्तर स्टोअरमध्ये टाकून बाहेर पडा. म्हापसा बाजारात किंवा हॉस्टेलजवळच्या एखाद्या जुन्या हॉटेलात पाव-भाजी आणि मिरचीचं भजं खा. गोव्यातली ही पाव-भाजी तुमच्या पुण्याच्या पावभाजीसारखी नसते. पातळभाजी नाहीतर सुकी बटाट्याची भाजी वेगळी येते आणि पाव वेगळा. हॉस्टेलच्या कॅफेतल्या नाश्त्याच्या निम्म्यात पोट भरतं. मी स्वतः कॅफे चालवते आणि हे सांगतेय.

चेक-इनला सरकारी फोटो ओळखपत्र लागतं. पॅन कार्ड चालत नाही, त्यावर पत्ता नसतो. आधार द्यायचं नसेल तर ड्रायव्हिंग लायसन्स द्या. परदेशी पाहुण्याची माहिती आम्हाला २४ तासांत सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते, म्हणून तुमच्या पुढच्याला जास्त वेळ लागला तर रिसेप्शनवाल्यावर वैतागू नका. चादर, उशीचा अभ्रा हातात मिळतो. टॉवेल बहुतेक ठिकाणी भाड्यानं असतो, तेव्हा पातळ पंचा घरून आणा, वाळतोही लवकर. लॉकर असतो, पण कुलूप तुमचं. मोठं गोदरेजचं कुलूप आणू नका, लॉकरच्या कडीत ते जातच नाही. बारीक दांडीचं छोटं कुलूप लागतं.

झोपेचं सविस्तर सांगते, कारण तुमची खरी अडचण तीच होईल असं मला वाटतं.

डॉर्ममधली रात्र तुकड्यातुकड्यांनी येते. अकराच्या सुमारास दोघं झोपलेले असतात. साडेबाराला तिसरा येतो, मोबाइलचा टॉर्च लावतो, तो आधी सगळ्यांच्या तोंडावर फिरतो आणि मग त्याला स्वतःचा बेड सापडतो. दीड वाजता कुणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत काहीतरी शोधायला लागतं. ओरडून बोललेलं एक वेळ सहन होतं, पण रात्री पिशवीची ती कुरकुर दहा मिनिटं चालली की चांगली शांत माणसंसुद्धा पडदा बाजूला सारून बघतात. वरच्या बंकवरचा कुशीवर वळला की खालचा बेड हलतो. एसी कुणीतरी १८ वर नेऊन ठेवतं आणि रिमोट सापडत नाही. पहाटे साडेपाचला विमान असलेल्याचा अलार्म वाजतो, तो स्नूझ करतो, पुन्हा वाजतो. घोरणारा एक असतोच, आणि घोरण्यात बाई-पुरुष असा भेद मी पाहिलेला नाही.

बाहेरचा आवाज हा वेगळाच विषय आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर लावता येत नाहीत, म्हणून शिस्तीची हॉस्टेलं दहाला गच्चीवरचं संगीत बंद करतात. पण हणजूण-वागातोर पट्ट्यातल्या क्लबांचा ठेका त्यानंतरही ऐकू येतो. तिथल्या रहिवाशांच्या तक्रारी हायकोर्टापर्यंत गेलेल्या आहेत, यावरून काय ते समजा. हॉस्टेलला थेट विचारा: 'सर्वात जवळचा क्लब किती लांब आहे?' गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरं बघा. हणजूणचाच हट्ट नसेल तर हलक्या झोपेच्या माणसाला मी दक्षिण गोव्यात पाळोळे किंवा आगोंदकडे पाठवते. तिकडे रात्र लवकर होते, पण हॉस्टेलं कमी आणि संध्याकाळी टेबलावर जमणारी माणसंही कमी. दोन्ही हवं असेल तर हणजूणलाच, पण मुख्य रस्त्यापासून आत, वस्तीत असलेलं हॉस्टेल घ्या.

बेड निवडता येत असेल तर खालचा, दारापासून लांब, बाथरूमच्या भिंतीला न लागलेला आणि एसीच्या थेट झोतात नसलेला मागा. बुकिंगनंतर मेसेजमध्ये लिहून ठेवलं तर आम्ही शक्य असेल तर देतो. संध्याकाळी येऊन मागणाऱ्याला उरलेला मिळतो. बेडला पडदा, स्वतःचा दिवा आणि स्वतःचं चार्जिंग पॉइंट आहे ना, हे फोटोत बघून घ्या. पडदा नसलेल्या डॉर्ममध्ये हलक्या झोपेच्या माणसानं जाऊच नये, मग तो शंभर रुपयांनी स्वस्त का असेना. केमिस्टकडे मिळणारे फोमचे इअरप्लग पुण्यातूनच घेऊन या. आणि पहिली रात्र वाईट गेली तर तेवढ्यावर हॉस्टेल बदलू नका. बसचा शीण, नवी जागा, नवे आवाज. दुसऱ्या रात्री बहुतेक लोक मेल्यासारखे झोपतात. सकाळी ते कॅफेत कशा चेहऱ्यानं येतात, ते मी रोज बघते.

मिक्स्ड की फीमेल? मी तुम्हाला पहिल्या खेपेला फीमेल डॉर्मच सुचवेन, चार किंवा सहा बेडचं. दरात फार फरक नसतो. कारण सुरक्षिततेपेक्षाही सैलपणाचं आहे. कपडे बदलायला दर वेळी बाथरूम गाठावं लागत नाही, रात्री पडदा सरकला तरी दचकायला होत नाही. मात्र तिथं शांतता असेलच असं मानू नका. संध्याकाळी सहा ते आठ आरशापुढे रांग, हेअर ड्रायर, आणि बाथरूमच्या जाळीत केस. बाथरूमचं म्हणाल तर सकाळी नऊ ते अकरा टाळा. अकराला चेक-आउट असतं, सगळ्यांना तेव्हाच अंघोळ आठवते आणि गीझर तेवढा पुरत नाही. आठच्या आत किंवा समुद्रावरून आल्यावर पाचला जा. ओले कपडे दुसऱ्याच्या बेडच्या कठड्यावर टाकू नका. गोव्याच्या हवेत ते सकाळपर्यंत वाळत नाहीत, वासही मारतात, आणि भांडणं नेमकी अशाच गोष्टींवरून होतात.

'सोशल'चं काय? यूथ हॉस्टेलची कल्पना रिशार्ट शिरमान नावाच्या जर्मन शिक्षकाची, शाळेच्या मुलांना पायी भटकंतीत मुक्काम मिळावा म्हणून. आल्टेनाच्या किल्ल्यातलं त्यांचं हॉस्टेल १९१२ मधलं. आपल्याकडे यूथ हॉस्टेल्स असोसिएशनचं कार्ड काढून सार पासच्या ट्रेकला गेलेल्यांना तो जुना साचा आठवत असेल: वेळेवर जेवण, वेळेवर दिवे बंद, मुलगे-मुली वेगळे. तुम्ही जे बुक करताय ते वेगळ्या घराण्यातलं आहे. २०१३ मध्ये जोधपूरला झोस्टेल ही हॉस्टेलांची साखळी सुरू झाली आणि त्यानंतर ही नवी जात देशभर पसरली. इथं बेड हे आमिष आहे. ६५० रुपयांच्या बेडमध्ये जागेचं भाडं, पगार, वीज आणि बुकिंग साइटचं कमिशन जेमतेम निघतं. कमाई कॅफे, बार आणि सहलींवर होते. म्हणून संध्याकाळी स्टाफमधलं कुणीतरी हसत तुमच्याजवळ येईल आणि पब क्रॉलला, म्हणजे एका रात्रीत तीन-चार बार फिरायला, चला म्हणेल. त्यात वाईट काही नाही, पण तुम्ही 'नको' म्हणालात तर कुणाला राग येत नाही, हेही लक्षात ठेवा. दारू न पिणारे आमच्याकडे रोज असतात. ग्लासात कोकम सोडा आहे की आणखी काही, हे दुसऱ्या मिनिटानंतर कुणी बघत नाही.

कमी बोलणाऱ्या माणसासाठी माझ्याकडे एक आजमावलेला उपाय आहे: रात्रीचे कार्यक्रम सोडा, दिवसाचे धरा. पणजीच्या फोंतेन्यास या जुन्या वस्तीतून पायी फेरफटका, दिवाडी बेटाची सफर, सकाळी शापोऱ्याच्या किल्ल्यावर चढणं. चालताना शेजारच्याशी बोलणं सोपं जातं, डोळ्यांत बघून गप्पा माराव्या लागत नाहीत, आणि गप्प बसलं तरी अवघड वाटत नाही. शिवाय दिवसाच्या सहलीला येणारी माणसं बहुतेक एकटी आलेली असतात. संध्याकाळी कॉमन रूममध्ये तीच चेहऱ्यानं ओळखीची झालेली असतात. मग तुम्हाला काही करावं लागत नाही, कुणीतरी उनोचे पत्ते वाटताना तुमच्यापुढेही सात ठेवतं. एक मात्र नक्की करा. जेवणाची ताटली घेऊन बेडवर जाऊ नका, मोठ्या टेबलावर बसा. हेडफोन कानात असलेल्या माणसाला आमचा स्टाफसुद्धा हाक मारत नाही. तसं शिकवलेलंच असतं, कारण काहींना खरोखर एकटं राहायचं असतं. 'कुठून आलात, किती दिवस, पुढे कुठे' हे तीन प्रश्न इतक्या वेळा विचारले जातील की तिसऱ्या दिवशी तुम्हाला उत्तर देताना कंटाळा येईल. पुण्याचं कुणीतरी भेटेलच, त्यातून सुटका नाही.

चार रात्रींत जागा बदलू नका, असंही सांगेन. एक रात्र ओळख व्हायला जाते.

इथपर्यंतचं एका दमात: रविवार ते गुरुवार, आतल्या रस्त्यावरचं हॉस्टेल, पडदा असलेल्या फीमेल डॉर्ममधला खालचा बेड, इअरप्लग, दिवसाची एक सहल.

आता सुरक्षितता. डॉर्मची भीती जास्त वाटते, पण काउंटरवर बसून मला काळजी वाटते ती स्कूटरची. रात्री नऊला टेबलावर जमलेल्या सहा जणांचं अकराला ठरतं, चला वागातोरला. तीन स्कूटर, त्यातले दोन चालक प्यायलेले, रस्ता अरुंद, वळणावर गुरं बसलेली. नव्या ओळखीच्या भरात 'मी नाही बसणार तुझ्या मागे' म्हणायला जड जातं. ते म्हणा. आमच्याकडे रात्री परत येताना खरचटलेले, टाके पडलेले पाहुणे येतात, त्यातले बहुतेक मागे बसलेले असतात. स्वतःची स्कूटर घ्या नाहीतर टॅक्सी करा. गोवा माइल्सचं ॲप आधीच टाकून ठेवा. स्कूटर भाड्यानं घेताना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं आहेत का बघा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त पडते, पण पोलिसांनी अडवलं की दंड भरत बसावं लागतं आणि मालक फोन उचलत नाही.

डॉर्ममध्ये चोरी होत नाही असं नाही, पण हरवतं ते बहुतेक अदलाबदलीत: काळे चार्जर, चपला, सनस्क्रीन, फ्रिजमधलं दही. चार्जरला रंगीत टेप लावा. पासपोर्ट, रोख पैसे, लॅपटॉप लॉकरमध्ये, दहा मिनिटांसाठी बाहेर जातानाही. हॉस्टेल निवडताना बघायच्या गोष्टी: रात्रभर रिसेप्शनवर माणूस आहे का, डॉर्मच्या दाराला कार्ड किंवा कोड आहे का, कॉरिडॉरमध्ये कॅमेरा आहे का? रिव्ह्यू वाचताना एकूण गुण सोडा, गेल्या दोन महिन्यांतले आणि एकट्या आलेल्या बायकांनी लिहिलेले तेवढे वाचा. मॅनेजर बदलला की हॉस्टेल बदलतं, दोन वर्षांपूर्वीची स्तुती तुमच्या कामाची नाही.

कुणी त्रास दिला, नुसतं अंगचटीला येऊन बोलला तरी, रिसेप्शनला लगेच सांगा. सकाळची वाट बघू नका. चांगल्या ठिकाणी तुमच्याकडे पुरावा मागत नाहीत. आधी त्याला त्या डॉर्ममधून हलवतात, पुन्हा तसं झालं तर पैसे परत देऊन बाहेर काढतात. 'जरा ॲडजस्ट करा, तो पिऊन आलाय' असं उत्तर मिळालं तर त्याच रात्री दुसरीकडे जा. गरज पडली तर ११२ लावा.

पैशांचं म्हणाल तर ६५० शिवाय कर, टॉवेल, नाश्ता, स्कूटरचे दिवसाला चारेकशे आणि पेट्रोल, कॅफेतलं एखादं सँडविच, जे बेडच्या निम्म्या किमतीचं असतं. एकूण दिवसाचा हिशेब दोन हजारांच्या आसपास धरा, म्हणजे मनस्ताप नाही.

घरच्यांचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येतोच. आईला हॉस्टेलचा पत्ता आणि रिसेप्शनचा नंबर देऊन ठेवा. फक्त एक आधी समजावून सांगा: तिनं फोन करून 'माझी मुलगी पोहोचली का' विचारलं तर आम्ही सांगत नाही. पलीकडे खरंच आई आहे की आणखी कुणी, हे आम्हाला कळायला मार्ग नसतो, आणि बाईच्या चौकशीसाठी येणारे सगळेच फोन आईचे नसतात. आया भयंकर चिडतात. तेव्हा चेक-इन करतानाच आईचं नाव आणि नंबर लिहून द्या, या नंबरवरून फोन आला तर सांगायला हरकत नाही म्हणून. आम्ही बुकिंगपुढे तशी नोंद करून ठेवतो, रात्रपाळीच्या मुलालाही ती दिसते.